वीस हजारांची पॉवर कॉर्ड आणि बोर्डातलं अर्थिंग

(या भागाचा लेखी मजकूर. बोलताना झालेले 'अं' आणि 'म्हणजे' थोडे गाळलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय. हेडफोन लावून ऐकणार असाल तर खुशाल ऐका, फक्त मधली आकडेमोड वाचायला बरी पडते.)

आजचा विषय एका व्हॉइस नोटवरून निघालाय. ती नोट थोडक्यात अशी: "दादा, मी नांद्याचा. मुळशीतलं नांदे, चांदे-नांदे म्हणतात ना, तेच. घरी काकांचा जुना स्टिरिओ ॲम्प्लिफायर होता, तो दुरुस्त करून घेतला. वाजतो झकास, पण गाणं थांबलं की मागे घूंऽऽ असा आवाज येत राहतो. एक मित्र म्हणाला, पॉवर कॉर्ड बदल, वीस हजारांची एक चांगली येते, ती लावलीस की पडदा उघडल्यासारखं ऐकू येईल. दुसरा म्हणाला, कशाला पैसे घालवतोस, थ्री-पिनची वरची जाड पिन काढून टाक, घूं फुकटात जाईल. कुणाचं ऐकू?"

कुणाचंच ऐकू नकोस. पहिल्याचं ऐकलंस तर पैसे जातील. दुसऱ्याचं ऐकलंस तर कदाचित घूं जाईलही, पण एखाद दिवशी माणूस जाईल. हे मी घाबरवायला म्हणत नाहीये. का म्हणतोय ते आज नीट उलगडून बघू.

०१:५० वीज येते कुठून

पॉवर कॉर्ड म्हणजे ॲम्पच्या मागच्या सॉकेटपासून भिंतीतल्या बोर्डापर्यंतची वायर. कॉम्प्युटरला असते तीच. ॲम्पच्या बाजूचं तिचं टोक जगभर बहुतेक एकाच मापाचं असतं, त्याला सी-१३ म्हणतात. बाजारात हीच कॉर्ड दोन-तीनशे रुपयांत मिळते आणि हीच कॉर्ड दोन-तीन लाखांतही मिळते. महागड्या कॉर्डला जाड तांबं, कधी चांदीचा मुलामा, सोनेरी पिना, वरून विणलेली जाळी आणि सुंदर खोका असतो. दावा असा की बास घट्ट होतो, आवाज 'मोकळा' होतो, गायिका पुढे येऊन उभी राहते.

हा दावा तपासायचा तर आधी ती कॉर्ड कुठल्या साखळीतली कडी आहे ते बघूया. आणि मुळशीकरांना वीज कुठून येते हे सांगायला नको. तालुक्यातल्या पाण्यावर वीज करायची म्हणून धरण आलं, त्याविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला, गावं तरीही पाण्याखाली गेली, आणि १९२७ पासून ते पाणी घाटाखाली भिऱ्याच्या पॉवर हाऊसमध्ये पडून वीज मुंबईला जाऊ लागली. जमीन कुणाची आणि उजेड कुणाकडे, हा एक वेगळ्या भागाचा विषय आहे, करूच कधीतरी.

आज मात्र नांद्याच्या बोर्डात आलेली वीज भिऱ्याची की चंद्रपूरची की आणखी कुठली, हे कुणीच सांगू शकत नाही. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर ते सोलापूर ही ७६५ हजार व्होल्टची लाईन जोडली गेली आणि दक्षिणेचं जाळं उरलेल्या देशाला मिळालं. तेव्हापासून सगळ्या देशाची वीज एकाच तालावर चालते, सेकंदाला ५० वेळा. मोठ्या लाईनवरून ती टप्प्याटप्प्याने उतरत २२ किंवा ११ हजार व्होल्टवर येते, मग तुमच्या वाडीच्या डीपीत, तिथून खांबावरच्या तारेत, सर्व्हिस वायरने मीटरमध्ये, मीटरमधून डीबीत, भिंतीतल्या पाईपमधून बोर्डात. यातला बराचसा प्रवास तर तांब्यातून होतच नाही, ॲल्युमिनियममधून होतो. शेकडो किलोमीटर ॲल्युमिनियम, मग भिंतीतलं पंधरा-वीस मीटर साधं तांबं, आणि शेवटचा दीड मीटर चांदीचा मुलामा. मला हे पुण्याहून खडखडत्या एसटीने यायचं आणि शेवटच्या वळणावर पालखीत बसायचं, असं वाटतं.

पण चेष्टेने काही सिद्ध होत नाही. हिशेब करू.

०५:१० दीड मीटरचा हिशेब

वायर जितकी बारीक, तितका तिचा रेझिस्टन्स जास्त, आणि तितके व्होल्ट तिच्यातच मुरतात. हे आकडे कुणाच्या मनाचे नाहीत, वायरच्या मानकात छापलेले असतात. पाऊण स्क्वेअर एमएमची लवचीक तांब्याची वायर, म्हणजे साध्या कॉर्डमधली, एका किलोमीटरला २६ ओहम. अडीच स्क्वेअर एमएमची, म्हणजे जाडजूड महागड्या कॉर्डसारखी, किलोमीटरला सुमारे ८ ओहम.

आपली कॉर्ड दीड मीटरची. वीज जाते आणि परत येते, म्हणून ३ मीटर धरा. साध्या कॉर्डचा रेझिस्टन्स झाला ०.०७८ ओहम, जाडीचा ०.०२४. आता ॲम्प २ अँपिअर ओढतोय असं धरू. हे खरं तर खूप उदार होऊन धरलंय, घरात नेहमीच्या आवाजात ऐकताना इतकं लागत नाही. साध्या कॉर्डमध्ये मुरले ०.१६ व्होल्ट. जाडीमध्ये ०.०५. फरक ०.११ व्होल्ट. २३० मधले ०.११.

आता भिंतीत बघा. डीबीपासून बोर्ड १५ मीटर लांब, वायरमनने दीडची वायर ओढलीय, जाऊन-येऊन ३० मीटर. तिचा रेझिस्टन्स ०.३६ ओहम, म्हणजे त्याच २ अँपिअरला ०.७३ व्होल्ट तिथेच गेले. कॉर्ड बदलून वाचवले त्याच्या सहापट ते सात पट. आणि डीपीवरून येणारा व्होल्टेज? नियमाने तो सहा टक्के वर-खाली चालतो, म्हणजे साधारण २१६ ते २४४. शेजारच्याने मोटर लावली की बल्ब मंद होतो हे तुम्ही बघितलंच असेल. त्यात ०.११ म्हणजे धो-धो पावसात छत्रीवरचा एक थेंब पुसणं.

आवाजाच्या भाषेत ०.११ व्होल्ट म्हणजे डेसिबलचा सुमारे चार हजारावा... नाही, चुकेल कुणाचंतरी ऐकताना, सरळ आकडा सांगतो: ०.००४ डेसिबल. साधारण १ डेसिबलचा फरक कान सहज पकडतो, तयारीचा कान त्याच्या चौथाईपर्यंत जातो. ०.००४ कुणाचाच पकडत नाही. आणि तेवढा फरकही प्रत्यक्षात आवाजात उतरत नाही, कारण मधे पॉवर सप्लाय बसलाय.

तोच मुद्दा खरा महत्त्वाचा आहे. लोकांच्या मनात चित्र असं असतं की वीज कॉर्डमधून आत येते, ॲम्पमधून वाहते आणि स्पीकरमधून गाणं होऊन बाहेर पडते, म्हणजे नळाचं पाणी गढूळ तर ग्लासातलं गढूळ. तसं नसतं. भिंतीतली वीज आधी ट्रान्सफॉर्मरवर येते. तो ती कमी व्होल्टची करतो. मग डायोड तिची उलटी अर्धी बाजू सुलटी करतात, आणि मग ती मोठ्या कपॅसिटरमध्ये साठते, जुना ॲम्प उघडला की दिसणारे ते जाड डबे. हे डबे सेकंदाला १०० वेळा भरतात. ट्रान्झिस्टर त्या साठवणीतून गाण्याच्या इशाऱ्यानुसार करंट काढून स्पीकरला देतात. नळ आणि ग्लास यांच्यामध्ये गच्चीवरची टाकी आहे. तुम्ही नळाला सोन्याची तोटी लावलीत.

जाणकार यावर एक आक्षेप घेतात आणि तो योग्य आहे. कपॅसिटर सलग भरत नाहीत, छोट्या-छोट्या झटक्यांनी भरतात, त्यामुळे क्षणभर करंट सरासरीच्या कितीतरी पट जातो. बरं, १० अँपिअर धरा. दोन्ही कॉर्डमधला फरक तरीही अर्ध्या व्होल्टच्या आसपास. आणि ट्रान्सफॉर्मरच्या आतच बारीक तांब्याच्या तारेचे शेकडो वेढे असतात, त्यांचा रेझिस्टन्स कॉर्डच्या मानाने कितीतरी पट. शिवाय आत एक काचेचा फ्यूज असतो, केसासारखी तार. सगळी वीज त्या केसातूनच जाते. बाहेर मनगटाएवढी कॉर्ड लावल्याने तो केस काही जाड होत नाही.

०९:२० "पण मला फरक ऐकू येतो!"

हे वाक्य मी खूपदा ऐकलंय आणि म्हणणारा खोटं बोलतो असं मला अजिबात वाटत नाही. त्याला खरंच ऐकू येतं. प्रश्न कारणाचा आहे.

एक कारण फार साधं आणि खरंखुरं आहे, आणि त्याकडे कुणी बघत नाही. कॉर्ड बदलताना तुम्ही जुनी उपटता आणि नवी घट्ट खुपसता. जुन्या सॉकेटमध्ये पिनेवर काळपट थर बसलेला असतो, संपर्क ढिला असतो, कधी आत बारीक ठिणग्या उडत असतात आणि स्पीकरमध्ये चर्रचर्र येत असते. काढ-घाल केली की पिन घासली जाते. सुधारणा झाली! पण ती तुम्ही जुनीच कॉर्ड दोनदा काढून घातली असती तरी झाली असती.

दुसरं कारण आपलं डोकं. वीस हजार मोजले की कान टवकारून ऐकतो, आणि टवकारून ऐकलं की रोजच्या गाण्यात आधी न ऐकलेली घुंगरं ऐकू येतात. ती आधीही होतीच.

याची परीक्षा झालेली आहे. २००४ साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या ऑडिओप्रेमींच्या मंडळाने 'सीक्रेट्स ऑफ होम थिएटर अँड हाय फिडेलिटी' या नियतकालिकाबरोबर चाचणी घेतली. एका बाजूला नॉरडॉस्टची वलहाला कॉर्ड, किंमत अडीच हजार डॉलर, आणि दुसऱ्या बाजूला उपकरणाबरोबर फुकट येते तसली साधी कॉर्ड. ऐकणारे सगळे शौकीन, त्यातल्या अनेकांना फरक ऐकू येणारच अशी खात्री. कुठली कॉर्ड लागलीय हे मात्र त्यांना दिसत नव्हतं. एकूण १४९ उत्तरं आली, त्यातली ७३ बरोबर. म्हणजे ४९ टक्के. नाणं उडवलं असतं तरी एवढंच.

एका चाचणीने जगाचा न्याय होत नाही, मान्य. म्हणून तुम्ही स्वतः करा. मित्राला ॲम्पच्या मागे बसवा, मध्ये चादर धरा, तो दर वेळी नाणं उडवून कॉर्ड लावेल, आणि बदलली नाही तरी काढून-घालून आवाज करेल. तुम्ही फक्त सांगायचं, अ की ब. दहा फेऱ्या. सहा-सात बरोबर आल्या तर उड्या मारू नका, तेवढ्या नुसत्या नशिबाने सहज येतात. नऊ किंवा दहा आल्या तर मला व्हॉइस नोट पाठवा, कारण नुसत्या अंदाजाने तेवढ्या बरोबर येणं शंभरात एखाद्याच वेळी होतं.

१२:०० मग कॉर्ड कधी बदलायची?

बदलायची वेळ येते, बरं का. फक्त कारणं वेगळी आहेत.

काकांच्या ॲम्पसारख्या जुन्या मशीनची मूळ कॉर्ड पंचवीस-तीस वर्षांची असते. वरचं प्लास्टिक कडक होतं, वाकवलं की चिरतं, मशीनमध्ये शिरते त्या जागी आतलं तांबं उघडं पडतं. उंदराने कुरतडलेली कॉर्ड तर गावाकडे नवी नाही. अशी कॉर्ड आजच्या आज बदला. अनेक जुन्या ॲम्पना मागे सॉकेटच नसतं, कॉर्ड थेट आत जोडलेली असते. ते काम दुरुस्तीवाल्याकडूनच करून घ्या, कारण आतले डबे प्लग काढल्यावरही काही वेळ भरलेले राहतात.

दुसरं, ऑनलाईन मिळणाऱ्या अगदी स्वस्त कॉर्ड. बाहेरून जाड, आत तांब्याचं पाणी दिलेलं ॲल्युमिनियम, तेही केसाएवढं. ही कॉर्ड आवाज बिघडवत नाही, पण तापते. हातात धरून बघा, वाजवताना कॉर्ड किंवा प्लग कोमट लागला तर ती टाका. तपकीर गल्लीत किंवा तुमच्या जवळच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात जाऊन आयएसआय मार्क असलेली, एक स्क्वेअर एमएमची कॉर्ड मागा. घरच्या कुठल्याही स्टिरिओ ॲम्पला ती पुरून उरते.

तिसरं कारण म्हणजे प्लग, आणि इथे महागडी कॉर्ड उलट धोक्याची ठरू शकते. बाहेरून मागवलेल्या बऱ्याच कॉर्डना युरोपी प्लग असतो, दोन गोल पिना. त्याचं अर्थिंग पिनेत नसतं, प्लगच्या कडेला असलेल्या पत्र्याच्या पट्ट्यांत असतं. आपल्या सॉकेटमध्ये त्या दोन पिना जेमतेम बसतात, ॲम्प चालू होतो, आणि अर्थिंग कुठेच लागत नाही. आधीची दोनशे रुपयांची कॉर्ड अर्थिंग देत होती, वीस हजारांची देत नाही. अमेरिकन प्लगवर गोल 'युनिव्हर्सल' ॲडॉप्टर लावला तरी बहुतेकदा तेच.

आणि जपानहून किंवा अमेरिकेहून सेकंडहँड आलेला ॲम्प असेल तर कॉर्ड सोडा, आधी मागची पाटी वाचा. जपानमध्ये १०० व्होल्ट, अमेरिकेत १२०. तो आपल्या २३० ला सरळ लावला तर गाणं सुरू व्हायच्या आत धूर.

१४:२० ती जाड पिन

आता दुसऱ्या मित्राच्या सल्ल्याकडे येऊ. आपल्या थ्री-पिन टॉपला वरची पिन जाड आणि लांब असते. जाड यासाठी की ती चुकूनही फेजच्या भोकात जाऊ नये. लांब यासाठी की प्लग घालताना ती सगळ्यात आधी लागावी आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावी. ही पिन ॲम्पच्या लोखंडी बॉडीला जोडलेली असते.

समजा आत फेजची वायर सुटून बॉडीला लागली. पिन जागेवर असेल आणि अर्थिंग चांगलं असेल तर करंट त्या वाटेने धावतो आणि एमसीबी किंवा आरसीसीबी पडतो. लाईट जाते, तुम्ही वैतागता, इतकंच. पिन कापली असेल तर काहीच होत नाही. ॲम्प मस्त वाजत राहतो आणि त्याच्या बॉडीवर २३० व्होल्ट वाट बघत बसतात. आणि फक्त बॉडीवर नाही. ऑक्स केबलची बाहेरची जाळी बहुतेक ॲम्पमध्ये बॉडीशी जोडलेली असते. म्हणजे तीच वीज केबलमधून तुमच्या फोनपर्यंत, लॅपटॉपपर्यंत येऊ शकते. पावसाळ्यात ओल्या शहाबादी फरशीवर अनवाणी उभं राहून कुणी गाणं बदलायला फोन उचलला, तर पुढचं मला सांगवत नाही.

काही ॲम्पना मुळातच दोन पिनांची कॉर्ड असते. मागे चौकोनात चौकोन अशी खूण दिसेल. त्यांच्या आत दुहेरी इन्सुलेशन असतं, ते तसेच बनवलेले असतात, त्यांची काळजी नको. तीन पिनांच्या मशीनच्या दोन करायच्या नाहीत, एवढंच.

बोर्डात तीन भोकं आहेत म्हणजे अर्थिंग आहे असं मात्र समजू नका. नांद्यासारख्या गावात आता दोन जगं शेजारी-शेजारी आहेत. सूस-म्हाळुंगेकडून सरकत आलेल्या टॉवरमध्ये अर्थिंगची पट्टी, आरसीसीबी सगळं बसवून मिळतं. गावठाणातल्या जुन्या घरात कित्येकदा वरच्या भोकाला मागे वायरच नसते. किंवा असते, पण ती खड्ड्यात गाडलेल्या पाईपला जोडलेली असते, आणि त्या खड्ड्यात कोळसा-मीठ कधी घातलं होतं हे आजोबांनाच ठाऊक.

इथे एक हिशेब सांगतो, तो वायरमनलाही ऐकवा. मुळशीच्या पावसात माती ओली, तेव्हा खड्डा चांगला काम करतो. मे महिन्यात माती कोरडी ठणठणीत, रेझिस्टन्स वाढतो. समजा तो २० ओहम झाला. बॉडीला फेज लागली तर करंट जाणार २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर. तुमचा एमसीबी १६ चा. तो पडणारच नाही! अर्थिंग असूनही बॉडीवर वीज राहील. म्हणून अशा घरांना ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी हवाच. जाणारा आणि परत येणारा करंट यात एवढासा जरी फरक पडला तरी तो लाईन तोडतो. वीस हजार हातात असतील तर आरसीसीबी बसवा, खड्डा नव्याने भरून घ्या, बोर्डातली जुनाट सॉकेट बदला, आणि उरलेल्या पैशात बऱ्यापैकी स्पीकर घ्या. आवाजात फरक हवा असेल तर तो स्पीकर आणि खोलीत आहे.

अर्थिंग आहे की नाही हे वायरमन पाच मिनिटांत तपासून देतो. तीन दिव्यांचा छोटा सॉकेट टेस्टरही मिळतो. तो वायर जोडलीय का ते सांगतो, खड्डा कसा आहे ते नाही. घरातली एक खूण म्हणजे चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपच्या धातूच्या बॉडीवरून हात फिरवताना झिणझिण्या येतात का? येत असतील तर बहुधा त्या जागी अर्थिंग पोचत नाहीये.

१७:४० घूं कुठून येतंय

पिन काढल्यावर घूं का जातं? दोन मशीन दोन वेगवेगळ्या बोर्डांवर असतात, दोन्हींना अर्थिंग आहे, आणि मधे ऑडिओ केबल. म्हणजे अर्थिंगच्या वायरींचा एक गोल तयार झाला. त्या गोलात ५० हर्ट्झचा चोरटा करंट फिरतो आणि तोच ॲम्प मोठा करून ऐकवतो. पिन काढली की गोल तुटतो. पण तो दुसऱ्या, बिनधोक जागीही तोडता येतो.

आधी सगळ्या इनपुट केबल काढा, नुसता ॲम्प चालू ठेवा. घूं तसंच आहे? मग ते ॲम्पच्या आतलं आहे, बहुधा ते जुने कपॅसिटर सुकलेत, आणि कॉर्डचा काही संबंध नाही. घूं गेलं? मग एकेक केबल लावत जा. डिशची केबल जोडलेला सेट-टॉप बॉक्स आणि चार्जरवरचा लॅपटॉप हे नेहमीचे आरोपी. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर आवाज थांबला की चोर सापडला. मग सगळी मशीन एकाच बोर्डावर आणा. तरी राहिलं तर ऑडिओ केबलच्या मधे बसणारा ग्राउंड लूप आयसोलेटर काही शे रुपयांत मिळतो. किंवा सरळ ब्लूटूथने वाजवा, तिथे वायरच नाही तर गोल कुठला.

फोनमधलं स्पेक्ट्रम ॲनालायझरचं ॲप इथे कामी येतं. ५० वर टेकडी दिसली तर बहुधा लूप, १०० वर दिसली तर बहुधा कपॅसिटर. फोनचा माईक इतक्या खालच्या सुरांना जरा कच्चा असतो, म्हणून फोन स्पीकरच्या अगदी जवळ धरा. आणि मागे पॉवर कॉर्ड आणि ऑडिओ केबल एकत्र वेटोळ्यात बांधल्या असतील तर सोडवून फूटभर लांब करा. टर्नटेबलवाल्यांनी तर नक्कीच. जाळीवाल्या महाग कॉर्डचा जो थोडा खरा फायदा असू शकतो तो इथलाच, आणि तो एक फुटात फुकट मिळतो.

१९:३० न्यूट्रल तुटला तर

शेवटी एक गोष्ट, कारण ती कुठलीच कॉर्ड थांबवत नाही. वळिवाच्या वाऱ्यात खांबावर न्यूट्रलची तार तुटली की तीन फेजमधले ४०० व्होल्ट घराघरांत वेडेवाकडे वाटले जातात. एका घरात दिवे मंद, शेजारच्या घरात तीनशेच्या वर, आणि टीव्ही, फ्रिज, ॲम्प एका रांगेत जळतात. आपण ज्याला स्पाइक गार्ड म्हणतो त्याचा उपयोग क्षणभराच्या झटक्याला, असा टिकून राहिलेला जास्त व्होल्टेज तो झेलू शकत नाही, स्वतःच जळतो. त्यासाठी डीबीत ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवतात, तो मर्यादा ओलांडली की घराची लाईन तोडतो आणि सुरळीत झाल्यावर जोडतो. दिवे एकदम प्रखर झाले, पंखा जोरात फिरायला लागला, की आधी मेन स्विच बंद करा, मग महावितरणला फोन.

वीज कडाडायला लागली तर वादळ डोक्यावर यायच्या आधीच प्लग काढून ठेवा, आणि डिशची केबलही. ती बरेच जण विसरतात. आणि इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर त्याच्यावर ट्रान्सफॉर्मरवाला ॲम्प घर्रघर्र करणारच, तो बिघाड नाही. लाईट येईपर्यंत ॲम्प बंद ठेवा आणि फोनच्या स्पीकरवर भागवा.